दहा मिनिटांपूर्वीची खोली

घरात दोघी बहिणींना नावानं कुणी हाक मारत नसे. एक मोठी, एक धाकटी, एवढंच. मोठीनं लग्न केलं नाही. ती कलाशाळेत शिकवायची, आणि उरलेल्या वेळात कॅमेरे, प्रोजेक्टर आणि केबलींच्या वेटोळ्यांत बुडून जायची. तिच्या कलाकृती व्हिडिओच्या असत. धाकटी दातांची डॉक्टर. तिला एक मुलगी, सहा वर्षांची, जिला सगळे बिट्टी म्हणत. बिट्टीचा मावशीवर भारी जीव. मावशी घरी आली की ती तिच्या मागे मागे स्वयंपाकघरात, गच्चीवर, पार न्हाणीघराच्या दारापर्यंत. धाकटी लटक्या रागानं म्हणायची, "शेपूट आहे तुझं. घेऊनच जा एकदाचं."

मोठीच्या नव्या प्रदर्शनाच्या पहिल्याच दिवशी, दुपारी, धाकटीनं खरोखरच तिला आणून सोडलं. दवाखान्यात एकजण जबडा सुजवून येऊन बसला होता आणि घरी बघायला कुणी नव्हतं.

"तासाभरात येते ताई. नजरेआड करू नकोस हं तिला."

"अगं, मी काय पहिल्यांदा सांभाळतेय का?"

प्रदर्शन होतं सुताच्या एका जुन्या गोदामात. लांबट इमारत, एकीतून दुसरीत जाणाऱ्या चार खोल्या. प्रत्येक खोलीत छताला एक कॅमेरा आणि समोर भिंतभर पडदा. पहिल्या खोलीतल्या पडद्यावर दुसरी खोली दिसे, दुसरीत तिसरी, तिसरीत चौथी. पण आत्ताची नव्हे, दहा मिनिटांपूर्वीची. म्हणजे तुम्ही पडद्यावरचा माणूस बघून पुढच्या खोलीत जावं, तर तो केव्हाच निघून गेलेला. चौथ्या खोलीच्या पडद्यावर इमारतीचा मागचा बोळ दिसे. तिथे प्रेक्षकांनी जायचंच नव्हतं. दारावर काळा पडदा सोडलेला होता. बोळात एक ट्यूबलाइट, तळघरात उतरणाऱ्या पायऱ्या आणि शेवटाला मागच्या आवारात उघडणारं लोखंडी दार. तिथे काही म्हणता काही घडत नसे. काहीतरी घडेल या आशेवर माणसं रिकाम्या बोळाकडे किती वेळ बघत राहतात, हेच मोठीला बघायचं होतं.

हे सगळं समजावणारा एक फलक तिनं दाराशी लावला होता. फलक कुणी वाचत नाही, हे तिला अनुभवानं ठाऊक होतं. तरी लावला होता.

आणखी एक गोष्ट. या कॅमेऱ्यांतलं काहीही साठत नव्हतं. यंत्रात फक्त दहा मिनिटं राहत. नवं आलं की जुनं पुसलं जाई. तंत्रज्ञ मांडणी करताना म्हणाला होता, "मॅडम, सोबत एक रेकॉर्डर जोडतो ना. काही झालं तर असावा." ती नको म्हणाली. "साठवून ठेवलं की माणूस बघत नाही. नंतर बघू म्हणतो. नंतर नाहीच म्हटल्यावर बघेल झक मारत."

बिट्टीला तिनं पहिल्या खोलीच्या कोपऱ्यात स्टुलावर बसवलं, हातात वही आणि रंगीत खडू दिले. लोक यायला लागले होते. तेवढ्यात धाकटीचा फोन आला. प्रोजेक्टरांच्या घरघरीत काही ऐकू येईना. "इथेच बस, आलेच," असं तिनं बिट्टीला सांगितलं, तंत्रज्ञाला खुणेनं 'लक्ष ठेव' म्हणाली आणि फोन कानाशी धरून चारही खोल्या भराभर ओलांडत, काळा पडदा बाजूला सारून, बोळातून, लोखंडी दारानं मागच्या आवारात गेली. दार तिच्या मागे आपोआप लागलं. ते फक्त आतून उघडे.

"अजून वेळ लागेल गं," धाकटी म्हणत होती. "दाताचा तुकडा आत राहिलाय. बिट्टी काय करतेय?"

"चित्र काढतेय."

"त्रास नाही ना देत?"

"छे! शहाण्यासारखी बसलीये."

आवारात पलीकडच्या गोदामांचे ट्रक माल भरत होते. बोलणं संपवून ती इमारतीला वळसा घालून पुढच्या दाराशी आली, आणि तिथे तिला सरांनी गाठलं.

सर तिचे जुने शिक्षक. वय झालेलं, गुडघे गेलेले, जीभ मात्र अजून तल्लख. तिच्या प्रत्येक प्रदर्शनाला ते यायचे आणि प्रत्येक वेळी भांडायचे. त्यांच्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय आत जाणं शक्य नव्हतं, आणि दोन शब्दांवर त्यांचं कधी भागत नसे.

"फलक वाचला तुझा," ते म्हणाले. "तू लिहितेस, टीव्हीसमोर माणूस झोपतो आणि तुझ्या पडद्यासमोर जागा होतो. कशावरून?"

"टीव्ही त्याला काही मागत नाही, सर. इथे त्याला स्वतःच हिशेब लावावा लागतो, आपण बघतोय ते कधीचं, तो माणूस आता कुठे असेल."

"कुणी लावत नाही हिशेब! माणूस पडद्यात एकच गोष्ट शोधतो, स्वतःला. स्वतः सापडला की केस नीट करतो. नाही सापडला की जांभई देतो. दुसऱ्या कुणाकडे तो बघतच नाही. पैज लाव माझ्याशी."

ती हसली, वाद घालत राहिली. मागे आणखी दोघं-तिघं थांबून ऐकू लागले, तशी सरांना जास्तच चेव चढला. हा वाद तिला आवडायचा. वर्गात कुणी तिच्याशी असं भांडत नसे.

अखेर सरांना धरून ती आत आली तेव्हा पहिल्या खोलीतलं स्टूल रिकामं होतं. खडू खाली सांडले होते, त्यातला एक कुणाच्या तरी पायाखाली येऊन चिरडला होता.

"बिट्टी?"

तंत्रज्ञ दुसऱ्या खोलीतून केबल गुंडाळत आला. "तुमच्याबरोबर नाही?"

"माझ्याबरोबर कशी असेल? तुला सांगितलं होतं ना लक्ष ठेव म्हणून!"

"मला वाटलं, प्रोजेक्टरवर. तिसऱ्या खोलीत चित्र हलत होतं, मी तिकडे गेलो."

तिनं मान वर केली आणि तिचा जीव भांड्यात पडला. समोर पडद्यावर बिट्टी होती. दुसऱ्या खोलीत, माणसांच्या पायांमधून वाट काढत चालली होती.

मोठी धावली. दुसऱ्या खोलीत आठ-दहा माणसं होती, बिट्टी नव्हती. पण तिथल्या पडद्यावर ती होती, तिसऱ्या खोलीत, इकडेतिकडे बघत. मोठी तिसऱ्या खोलीत शिरली. तिथेही नाही. पडद्यावर चौथी खोली, आणि तिच्या दारातून आत येणारी बिट्टी. ती पुन्हा धावली, आणि चौथ्या खोलीच्या उंबरठ्यावर एकदम थांबली. आपण काय करतोय हे तिला तेव्हा कळलं. ही मांडणी तिनंच केली होती, ते दहा मिनिटांचं यंत्र तिनं स्वतःच्या हातानं लावलं होतं, तरी ती पडद्यावरच्या पोरीमागे धावत सुटली होती.

आणि मग दुसरी गोष्ट कळली. बिट्टीही अशीच धावली असणार. तिनं पहिल्या पडद्यावर मावशी पाहिली असणार, दुसऱ्या खोलीतून लगबगीनं जाणारी. ती मागे गेली. तिथे मावशी नाही, पण पडद्यावर पुढच्या खोलीत आहे. प्रत्येक खोलीत मावशी पुढच्या खोलीत. सहा वर्षांच्या पोरीला कोण सांगणार, की ही दहा मिनिटांपूर्वीची मावशी आहे?

चौथ्या खोलीतून वाटा दोन. एक रस्त्यावर उतरणारा जिना, बाहेर भरधाव गाड्या. दुसरी काळ्या पडद्याआड, बोळात. बोळातून पुन्हा दोन: तळघर, जिथे गुडघाभर पाणी साचलेलं होतं, आणि आवार.

"जिन्यानं खाली कुणीतरी जा!" ती ओरडली. "लहान मुलगी आहे, पिवळा फ्रॉक!" तिच्या दोन विद्यार्थिनी जिन्याकडे धावल्या. तंत्रज्ञ पडदा सारून बोळात घुसला. "बोळ रिकामा आहे!" त्याचा आवाज आला. "तळघरात बघतो!"

"ते मागे फिरवता येत नाही का?" कुणीतरी विचारलं. "काय झालं ते पुन्हा लावून बघा ना."

"नाही येत," ती म्हणाली. "साठवलेलं नाही. पडद्यावर जाताना एकदाच दिसेल."

तिचे पाय लोखंडी दाराकडे ओढत होते, तेवढ्यात तिसऱ्या खोलीतून एका बाईचा आवाज आला, "ती बघा, ती मुलगी! पिवळा फ्रॉक!" तिसऱ्या खोलीचा पडदा दहा मिनिटांपूर्वीची चौथी खोली दाखवत होता. म्हणजे बिट्टी इथे, याच जागी, उभी होती तेव्हाचं चित्र तिथे चाललं होतं. आता ती कुठे वळते ते त्या चित्रात दिसणार होतं.

मोठी दाराच्या मधोमध उभी राहिली, दोन्ही खोल्यांना ऐकू जाईल अशी. "सगळे खाली बसा. कृपा करून बसा, एकमेकांच्या आड येऊ नका. स्वतःला शोधू नका. पिवळा फ्रॉक शोधा, आणि दिसेल ते मोठ्यानं सांगा."

आधी कुणी हललं नाही. एकजण हसलासुद्धा. मग सर भिंतीला हात टेकत, कण्हत, जमिनीवर बसले आणि त्यांच्या मागोमाग सगळी खोली बसली.

"दिसतेय का?"

"दिसतेय," तिसऱ्या खोलीतून आवाज आला. "भिंतीशी आहे. रडतेय."

"पुढे?"

"निळ्या कोटातल्या माणसाचा कोट ओढतेय. पडद्याकडे बोट दाखवतेय. काहीतरी सांगतेय त्याला."

चौथ्या खोलीत, अगदी पुढे, निळ्या कोटातला एक माणूस बसला होता. सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या.

"तो काय करतोय?" मोठीनं विचारलं.

बाई म्हणाली, "तिच्या डोक्यावर थोपटलं. पुन्हा पडद्याकडे बघायला लागला."

"मी?" निळा कोटवाला म्हणाला. "मी केव्हापासून त्या बोळाकडे बघत होतो. काहीच घडत नव्हतं, आणि मग एकदम एक बाई फोनवर बोलत आली. तुम्हीच होता. मी म्हटलं, आता सुरू होतंय. मुलगी… मला आठवत नाही हो. खरंच आठवत नाही."

"पुढे सांगा!" मोठी ओरडली.

"काळ्या पडद्याकडे गेली! आत शिरली!"

मग जिना नव्हे. मोठी वळली. चौथ्या खोलीच्या पडद्यावर रिकामा बोळ होता, एक ट्यूबलाइट, आणि बोळात कुणी नव्हतं. खोलीतली पंचवीस-तीस माणसं त्या रिकाम्या बोळाकडे बघत होती. कुणी खोकत नव्हतं.

पिवळा फ्रॉक चित्रात आला.

बिट्टी नाक पुसत चालत होती. तळघराच्या पायऱ्यांपाशी ती थांबली. वाकून खाली बघितलं. एक पायरी उतरली. खोलीत कुणाच्या तरी तोंडून "नको" निघालं. बिट्टी दुसरी पायरी उतरली आणि चित्रातून डोकं तेवढं उरलं. मग तेही गेलं.

"तळघर!" मोठी काळ्या पडद्याकडे झेपावली.

"थांब!" सर ओरडले. "पुन्हा वर आली!"

बिट्टी वर आली होती. एक बूट भिजलेला. ती लोखंडी दाराशी गेली, दांड्यावर दोन्ही हात ठेवून सगळा भार टाकला, आणि बोळात बाहेरचा लख्ख उजेड पडला. त्या उजेडात ती दिसेनाशी झाली. दार लागलं.

मोठी धावली. मागे कोण येतंय हे तिनं पाहिलं नाही. दार ढकलून ती आवारात आली. मगाशी माल भरत असलेले ट्रक आता निघायच्या बेतात होते. एकाचं इंजिन सुरू होतं, दुसरा मागे घेत होता. एवढ्या आवाजात हाक मारून उपयोग नव्हता, तरी ती हाका मारत राहिली. ती वाकली, एकेका ट्रकखाली बघत गेली. चाकं, तेलाचे डाग, दोरखंड. तिसऱ्या ट्रकच्या खाली, मागच्या चाकांच्या पुढ्यात, पिवळं काहीतरी होतं. बिट्टी गुडघे पोटाशी घेऊन, कानांवर हात दाबून बसली होती. आवाजाला भिऊन ती तिथे शिरली असणार. आणि तो तिसरा ट्रक थरथरत होता. त्याचं इंजिन सुरू झालेलं होतं.

"थांबवा! अहो थांबवा!"

ड्रायव्हरची काच वर होती. मोठी आडवी पडून ट्रकखाली सरकली. डोक्यावरचं लोखंड हललं. नेमकं त्याच वेळी पुढून धडाधड आवाज आला. निळा कोटवाला तिच्यामागून धावत आला होता आणि ट्रकच्या दारावर दोन्ही मुठींनी बडवत होता, घसा फोडून ओरडत होता. ट्रकनं एक आचका दिला आणि तो थांबला.

मोठीनं बिट्टीचा पाय धरला. बिट्टी किंचाळली, हात झिडकारला, मग ओळखलं. बाहेर ओढेपर्यंत तिचा एक गुडघा चांगलाच सोलवटला. बाहेर आल्यावर मोठी तशीच तिला छातीशी धरून जमिनीवर बसून राहिली. ड्रायव्हर खाली उतरला, बघितलं, आणि ट्रकच्या पायरीवर डोकं धरून बसला.

"तू थांबतच नव्हतीस," बिट्टी हुंदके देत म्हणाली. "मी किती हाका मारल्या. तू वळून पण नाही बघितलंस."

पुढच्या दारानं ते आत आले. पहिल्या खोलीत गर्दी झाली होती. पडद्यावर दुसरी खोली होती आणि तिच्यातून विस्कटलेल्या केसांची एक बाई वेड्यासारखी धावत होती. ती स्वतःच होती, दहा मिनिटांपूर्वीची. तीच बाई बिट्टीला कडेवर घेऊन दारात दिसली तशी एकानं टाळी वाजवली. मग दुसऱ्यानं. मग खोलीभर टाळ्यांचा कडकडाट झाला. काहीजणांना हायसं वाटलं म्हणून ते वाजवत होते. पण सगळे तसे नव्हते. एक बाई शेजारणीला म्हणाली, "किती छान काम केलं ना त्या मुलीनं? इतक्या लहान वयात!"

टाळ्यांच्या आवाजानं बिट्टीनं पुन्हा कान झाकले.

"वीज बंद कर," मोठी तंत्रज्ञाला म्हणाली. तळघरातून आलेला तो गुडघ्यांपर्यंत ओला होता. त्यानं मुख्य बटण खाली ओढलं. प्रोजेक्टरांची घरघर थांबली आणि पडदे पांढरे झाले. लोक थोडा वेळ पांढऱ्या पडद्यांकडेही बघत राहिले, मग पांगले.

सर तिच्याजवळ आले. त्यांचे डोळे चमकत होते. "मी हरलो बरं का. आज त्यांनी स्वतःला सोडून दुसऱ्या कुणाकडे बघितलं. जमिनीवर बसून, श्वास रोखून. एवढ्या वर्षांत मी असा प्रेक्षक बघितला नाही. हे मी लिहिणार."

"सर, तुम्ही यावर एक ओळ जरी लिहिलीत, तरी मी तुमच्याशी पुन्हा बोलणार नाही."

"अगं, पण तुझाच मुद्दा—"

"माझा मुद्दा खोटा निघाला. ती सगळ्यांच्या पायांत फिरत होती. रडत होती. कोट ओढत होती. कुणी बघितलं तिच्याकडे? कुणाला बघायचं हे मी ओरडून सांगितलं, तेव्हा बघितलं. आणि मग टाळ्या वाजवल्या."

सर म्हणाले, "नाही लिहीत." आणि काठी टेकत निघून गेले.

धाकटी आली तेव्हा बिट्टी निळ्या कोटात गुंडाळून झोपली होती. कोटवाला तसाच शर्टावर बाहेर पायरीवर बसला होता. कोट परत मागायचा धीर त्याला होत नव्हता. धाकटीनं मुलीचा गुडघा पाहिला, ओला बूट पाहिला, मग बहिणीच्या कपड्यांवरचं तेल पाहिलं.

"काय झालं?"

मोठीनं सांगितलं, दोन वाक्यांत.

"दाखव मला," धाकटी म्हणाली. "एवढे कॅमेरे लावलेस ना? ती काय करत होती, किती वेळ रडत होती, मला बघायचंय."

"नाहीये. साठवलेलं नाही काही."

धाकटी बिट्टीशेजारी खाली बसली.

"मग तोंडानं सांग. सगळं. गाळू नकोस काही."

आणि त्या अंधारलेल्या खोलीत, झोपलेल्या पोरीशेजारी बसून, मोठीनं सगळं सांगितलं. फोनवर 'चित्र काढतेय' म्हणाले तेव्हा मी बघितलंच नव्हतं, हे सांगितलं. दारात सरांशी वाद घालताना मजा येत होती, हे सांगितलं. दोन पायऱ्या, मग डोकंही दिसेनासं झालं, ते सांगितलं. ट्रकचं सांगितलं. टाळ्यांचंही सांगितलं. ऐकून झाल्यावर धाकटीनं कोट सोडवून घडी घातली, बाहेर जाऊन त्या माणसाच्या हातात दिला, त्याला काहीतरी म्हणाली, आणि मुलीला खांद्यावर टाकून घरी गेली.

दोन दिवसांनी प्रदर्शन पुन्हा उघडलं. चौथा पडदा काढलेला होता, बोळाच्या दाराशी एक माणूस बसवला होता, आणि लहान मुलांना हात धरूनच आत सोडत होते. लोक येत राहिले, पडद्यात स्वतःला शोधत राहिले, केस नीट करत राहिले. मोठी रोज येऊन बसायची, पण पडद्यांकडे बघायची नाही. माणसांच्या पायांकडे बघायची.

धाकटीचा महिनाभर फोन आला नाही. मग एका रविवारी सकाळी बेल वाजली. दारात दोघी. बिट्टी नेहमीसारखी आत घुसली, मावशीच्या मागे मागे स्वयंपाकघरात, गच्चीवर. धाकटी खुर्चीत बसून मासिक चाळत होती, पण पान उलटत नव्हती.

दुपारी बिट्टी म्हणाली, "मावशी, कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊया ना? खडू घ्यायला."

मोठी धाकटीकडे न बघता म्हणाली, "आईला विचार."

धाकटीनं मासिक मिटून ठेवलं.

"तिघी जाऊ," धाकटी म्हणाली, आणि उठून चपला शोधू लागली.